हिराइथ, सायंकाळ आणि ‘स्मरणरंजन’ नावाचा घोळ

एका वाचकाने विचारलं आहे: ‘केल्टिक, म्हणजे वेल्श, आयरिश, स्कॉटिश गेलिक, लोकसंगीतात वाडवडिलांची जमीन सुटल्याची, पुन्हा न दिसलेल्या गावाची गाणी पुष्कळ आहेत. त्यांवर मराठीत लिहितो आहे. त्यांना स्मरणरंजनपर गीतं म्हणावं की विरहगीतं? वेल्श लोकांच्या “हिराइथ”ला, सुटलेल्या गावाच्या हुरहुरीला, आपल्याकडे शब्द आहे का? आणि उच्चार केल्टिक की सेल्टिक?’

विरहगीत नको. विरह माणसाचा असतो, आणि आपल्या परंपरेत तो शृंगाराच्या दालनात बसलेला आहे. दरी, किनारा, कोसळलेली चार घरं यांच्यासाठी तो शब्द आणला की वाचक प्रियकर शोधत बसतो.

स्मरणरंजन मात्र त्याहून वाईट. हा शब्द मी गेली काही वर्षं सगळीकडे ऐकते आहे: जुन्या सिनेगीतांच्या कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहमेळाव्यात, दिवाळी अंकाच्या संपादकीयात. तिथे तो शोभतो. शाळेचा डबा, जुना रेडिओ, गल्लीतलं क्रिकेट आठवून मन रमतं, म्हणजे रंजनच होतं. पण हाच शब्द उचलून स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून हाकलल्या गेलेल्या लोकांच्या गाण्यांवर चिकटवला की मला राहवत नाही. सदरलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ आणि १८१९ साली कुळांना घराबाहेर काढलं. ती माणसं परत येऊन आसरा धरू नयेत म्हणून छपराची लाकडं जाळली आणि खोरं मेंढ्यांना दिलं. जमीनदारांचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये इनव्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्या आठवणीत रंजन कुठून येणार?

यातली खरी गंमत अशी की ज्या ‘नॉस्टॅल्जिया’साठी आपण हा शब्द घडवला, त्यातही रंजन नाही. १६८८ साली बाझल विद्यापीठात योहानेस होफर याने आपल्या वैद्यकीय प्रबंधासाठी दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला: नोस्तोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे वेदना. घरापासून तुटलेल्या स्विस लोकांना जडणाऱ्या आजाराचं ते नाव होतं. मूळ शब्दातली वेदना काढून तिच्या जागी रंजन बसवण्याचं काम आपण मराठीत केलं. भाषांतरात अर्थ थोडा सरकतो हे मान्य, पण इथे तो पार उलटा झाला आहे.

आता हिराइथ. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

या शब्दाची फोड सर्रास अशी सांगतात: ‘हिर’ म्हणजे लांब आणि ‘आइथ’ म्हणजे दुःख, म्हणून हिराइथ म्हणजे लांबलेलं दुःख. टी-शर्टावर, मगांवर, प्रवासवर्णनांत, सगळीकडे हीच फोड. पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा ओढूनताणून आणलेला. ‘-आइथ’ हा वेल्शमधला साधा भाववाचक प्रत्यय आहे, आपल्या ‘-त्व’ किंवा ‘-पण’सारखा. ग्विबोद म्हणजे जाणणं, ग्विबोदाइथ म्हणजे ज्ञान. मारवोल म्हणजे मर्त्य, मारवोलाइथ म्हणजे मृत्यू. मग ज्ञानात आणि मृत्यूतही दुःख दडलं आहे म्हणायचं का? मृत्यूचं एक वेळ ठीक आहे, ज्ञानाचं काय करणार? तेव्हा हिराइथ म्हणजे अक्षरशः ‘लांबपण’. एवढंच. वेल्शच्या बहिणींत, म्हणजे कॉर्निशमध्ये हिरेथ आहे, ब्रेटनमध्ये त्याचंच रूप, आणि जुन्या आयरिशमध्ये शीरेख्त, अर्थ तोच: ओढ, हुरहुर. म्हणजे शब्द फार जुना आहे. वेल्श आणि आयरिश वेगळ्या व्हायच्या आधीचा.

आणि हा ‘हिर’ कोणाचा नातलग आहे ते पाहा. जुन्या आयरिशमध्ये तो ‘शीर’, म्हणजे लांब, चिरकाळ चालणारा. लॅटिनमध्ये ‘सेरुस’, म्हणजे उशिरा आलेला. आणि संस्कृतात? सायम्! आपल्या सायंकाळातलं ‘सायम्’. दिवसाचा उशिराचा, रेंगाळणारा भाग. मूळ धातूचा अर्थच लांबणं, उशीर होणं असा. वेल्श डोंगरातली हुरहुर आणि आपली सायंकाळ एकाच धातूची लेकरं आहेत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या आठवड्यात भेटेल त्याला मी हे सांगत सुटले होते.

‘स’चा ‘ह’ कसा झाला म्हणून कोणी नाक मुरडेल. मराठी माणसाने तरी मुरडू नये. सप्ताह आणि हप्ता दोन्ही शब्द आपण रोज वापरतो. तिथे इराणी भाषांनी जे केलं तेच वेल्शने आपल्या घरी स्वतंत्रपणे केलं. संस्कृतात सन म्हणजे जुना, वेल्शमध्ये हेन. संस्कृतात समा म्हणजे वर्ष किंवा ऋतू, वेल्शमध्ये हाव्ह म्हणजे उन्हाळा. सूर्याला वेल्शमध्ये हाइल म्हणतात. नियम सरसकट चालत नाही, हेही सांगून टाकते: सातला वेल्श माणूस ‘साइथ’च म्हणतो, हाइथ नाही. पण शब्दाच्या सुरुवातीला असा ‘ह’ वेल्शमध्ये ढिगाने सापडतो.

आयरिशने ‘स’ सोडला नाही, फक्त काही ठिकाणी त्याचा ‘श’ केला. म्हणून तिकडे जुन्याला ‘शान’. आयर्लंडमध्ये वाद्यांच्या साथीशिवाय, एकट्याने, गळ्यातल्या हरकतींवर गायच्या पद्धतीला ‘शान-नोस’ म्हणतात. शान म्हणजे जुनी, नोस म्हणजे रीत. हा ‘शान’ आणि आपल्या ‘सनातन’मधला ‘सन’ एकच. देशांतराची अनेक आयरिश गाणी याच रीतीत गायली जातात. तुमच्या लेखात ‘पारंपरिक शैली’ असं बेचव लिहिण्यापेक्षा ‘जुनी रीत’ लिहा. मुळाशी अगदी इमानदार राहील.

फोडीबद्दलचा वाद मिटवायला एक वेल्श लोकगीतच पुरेसं आहे. कवीचं नाव नाही, लोकांच्या तोंडी राहिलेली कडवी आहेत. पहिल्या कडव्यात ज्ञानी मंडळींना सवाल आहे: सांगा, हिराइथ कशाचं विणलं आहे, त्यात कोणता धागा घातला आहे, की अंगावर वागवून वागवूनही ते विरत नाही? पुढच्या कडव्यात उत्तरादाखल म्हटलं आहे की सोनं संपतं, रुपं संपतं, मखमल आणि रेशीम संपतं, हिराइथ मात्र संपत नाही. मुळात ‘ग्विबोदाइथ’ आणि ‘हिराइथ’ हेच शब्द यमकात बसवले आहेत. ज्या अनामिकाने ते बसवले त्याच्या कानाला प्रत्यय कळत होता. मगांवर फोड छापणाऱ्यांना कळला नाही.

आणि त्या गाण्यातला प्रश्न बघा: का दुखतं असं विचारलेलं नाही, संपत कसं नाही असं विचारलं आहे. लांबपण!

स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही तोच प्रकार. तिथला शब्द ‘कीअनालस’. त्यात ‘कीअन’, म्हणजे दूर. अंतराने दूर आणि काळानेही दूर, दोन्हीला एकच शब्द. लुइस बेटावरचे लोक बेट सुटल्यावर जे वाटतं त्याला हेच म्हणतात. इंग्रजीच्या ‘लाँगिंग’मध्येही ‘लाँग’ बसलाच आहे. म्हणजे शेजारशेजारच्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांतून एकच गोष्ट नोंदवली: गावापासूनचं अंतर. आठवण नाही, आनंद नाही, अंतर. म्हणूनच स्मरणावर उभारलेला कुठलाही प्रतिशब्द मला इथे पटत नाही.

मग मराठीत काय? माझा कौल ‘ओढ’ला. माहेरची ओढ, गावची ओढ. ओढायला अंतर लागतं. जवळच्या गोष्टीची ओढ लागत नाही. माहेर म्हणजे मातृगृह, आणि जात्यावरच्या ओव्यांत त्या घराकडे डोळे लावून बसलेल्या बायकांनी या भावनेला जितकं शब्दांत आणलं आहे तितकं आपल्या छापील कवितेनेही आणलेलं नाही. केल्टिक गाण्यांवर लिहिताना मराठी कान त्या ओव्यांपाशी जाणारच, त्याला अडवू नका.

पण मनातलं सांगायचं तर हिराइथच्या सगळ्यात जवळ आपला ‘कातर’ आहे. आणि तो आपण कुठे लावतो? कातरवेळेला. सायंकाळीच! तिकडे ‘लांबणं’ या धातूतून हुरहुर निघाली, इकडे त्याच धातूतून संध्याकाळचं नाव निघालं, आणि त्या संध्याकाळी मन कातर होतं हे आपण पुन्हा स्वतंत्रपणे शोधलं. यात इतिहासाचा धागा नाही, मला माहीत आहे. माणसाला दिवस मावळताना घर आठवतं, एवढंच कारण पुरेसं आहे. एक वर्ग आहे जो कातरवेळेत कात्री बघतो: दिवस आणि रात्र कातरणारी वेळ म्हणे! कात्री ‘कर्तरी’वरून आली, आणि मनाचा कातरपणा संस्कृत ‘कातर’वरून, म्हणजे भ्यालेला, व्याकुळ. व्याकुळ वेळेला व्याकुळच म्हणावं, तिला शिंप्याच्या दुकानात नेऊ नये. या मुद्द्यावर मी माघार घेणार नाही.

तुमच्या लेखाला आणखी एक शब्द लागेल, तो या हकालपट्टीसाठी. इंग्रजीत तिला ‘हायलँड क्लिअरन्सेस’ म्हणतात. मराठीत काही जण ‘सफाई’, ‘जमीन मोकळी करणे’ असं लिहितात. ही जमीनदाराची भाषा झाली. त्याच्या नकाशावर जमीन मोकळी झाली. ज्यांना हाकललं ते गेलिकमध्ये ‘फुअदख’ म्हणतात, म्हणजे हाकलून लावणं. याला आपला ‘देशोधडी’ नेमका बसतो, कारण त्याला लावणाराही असतो आणि लागणाराही.  ‘परागंदा’ हा दुसरा सुंदर शब्द. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला, म्हणजे ‘डायस्पोरा’ या ग्रीक शब्दाचा अगदी जुळा भाऊ. पण मराठीत परागंदा होणारा स्वतःच पळालेला असतो, बहुधा काहीतरी करून. स्ट्रॅथनेव्हरच्या कुळांनी काही केलं नव्हतं. त्यांची नातवंडं कॅनडाभर पसरली, त्यांना हवं तर परागंदा म्हणा.

ही गाणी नुसती हळहळणारी असतात असा समज असेल तर स्काय बेटाच्या मारी व्होरकडे बघा. मारी व्होर नान ओरान, म्हणजे गाण्यांची थोरली मेरी (१८२१–१८९८). १८७२ साली चोरीच्या आरोपावरून इनव्हर्नेसला तुरुंगात गेली, आपण निर्दोष आहोत असं शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि त्या अपमानातून तिची गाणी सुरू झाली. त्यांत धुक्याच्या बेटाची ओढ आहे आणि जमीनदारांवर नाव घेऊन केलेले घावही आहेत. कुळांच्या जमीन-आंदोलनाच्या सभांतून ती गायची. १८८२ मध्ये स्कायवर ब्रेज इथे कुळं आणि पोलीस भिडले, १८८६ मध्ये कुळांना जमिनीवर टिकण्याचा हक्क देणारा कायदा आला. एका गाण्यात ओढ आणि मागणी शेजारी बसू शकतात, हे तुमच्या लेखात यायलाच हवं.

या सगळ्याचा आपल्या मातीशी एक खराखुरा धागा आहे. १७९२ साली स्कॉटलंडच्या रॉस परगण्यात लोकांनी मेंढ्यांचे कळप हाकलून द्यायचा प्रयत्न केला. गेलिकमध्ये ते ‘मेंढ्यांचं वर्ष’. पुढच्याच वर्षी त्याच परगण्यात सीफोर्थच्या जमीनदाराने इंग्रज फौजेसाठी ७८वी हायलँडर पलटण उभी केली. ती पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे उभी होती. ज्यांच्या घरच्या चराईवर मेंढ्या येत होत्या, ती पोरं इथे लढून मेली. असईच्या लढाईवर मराठीत इतकं लिहिलं गेलं, तिथे हे मला कधी वाचायला मिळालं नाही.

उच्चाराचं राहिलं. केल्टिक. ग्रीकांनी युरोपच्या मुख्य भूमीवरच्या केल्टांना ‘केल्तोई’ म्हटलं, त्यातला हा ‘क’. तसं पाहिलं तर लुइसच्या म्हाताऱ्याने आपल्या गाण्याला केल्टिक म्हटलंच नसतं. तो गेलिक म्हणतो. या सगळ्या भाषांना एका छत्राखाली आणणारं काम एडवर्ड ल्हुइड या वेल्श विद्वानाने १७०७ साली छापलं, आणि संगीताला ते नाव तर त्याच्याही फार नंतर चिकटलं. तेव्हा लेखात शक्य तिथे वेल्श, आयरिश, गेलिक असं नेमकं लिहा, आणि सगळ्यांबद्दल एकदम बोलायचं असेल तेव्हाच केल्टिक. ‘सेल्टिक’ फक्त ग्लासगोच्या फुटबॉल क्लबसाठी आणि बोस्टनच्या बास्केटबॉल संघासाठी. ग्लासगोचा क्लब १८८७ मध्ये एका आयरिश धर्मबंधूने शहराच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश वस्तीसाठी पैसा उभा करायला काढला, म्हणजे तोही आयर्लंडमधून देशोधडीला लागलेल्यांचाच.