वसाहतीच्या चौकात उन्हाळ्यासाठी लहान कारंजं करायचंय. हौद किती मोठा ठेवावा, पंप कोणता घ्यावा?

हौदाचं माप राहू द्या. दुपारी दोन वाजता त्या जागेवर सावली असते का? नसेल तर कारंजं करूच नका.

मी नागपूरचा, वास्तुरचनेच्या कामातला. २०१२ मध्ये आमच्याच भागातल्या एका चौकाचं काम ऑफिसकडे आलं. तिथे कडुनिंबाखाली पाणपोई होती. ओलं पोतं गुंडाळलेले दोन रांजण, लांब दांड्याचं ओगराळं. मी आराखडा तिच्याभोवतीच काढला. तीन बाजूंनी छातीइतक्या भिंती, त्यातल्या एकीवरून खडबडीत काळ्या दगडावर पाण्याचा पातळ पापुद्रा, खाली वीतभर पन्हळ. लिटरभर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढली जाते, आणि आमच्याकडची मे महिन्यातली कोरडी हवा पाणी भराभर पिते. कुलरची वाळ्याची ताटी याच तत्त्वावर चालते. भिंती एवढ्याचसाठी की गार झालेली हवा बसणाऱ्याजवळ थांबावी.

वरिष्ठांनी ते एका वाक्यात मोडलं, "कारंजं रस्त्यावरून दिसलं पाहिजे." मग भर उन्हात गोल हौद, मध्ये उंच फवारा, रंगीत दिवे. पाणपोई उठवली. पहिल्याच नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, फवारा वाऱ्याने रस्त्यावर जायला लागला. बोअरच्या जड पाण्याने तोट्यांत क्षार धरले, पंप बंद पडला, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या. रांजणावर पाणी प्यायला थांबणारे रिक्षावाले आता कुठे जातात, हे कोणी विचारलं नाही. मला ते अजून लागतं.

पातळ धारेला अर्ध्या एचपीचा पंप पुरतो. पैसा दगडावर, सावलीवर आणि रोज घासणाऱ्या माणसाच्या पगारावर घाला. आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करा, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. प्यायचा नळ वेगळ्या लाइनवर हवा. तेच तेच कोमट पाणी फिरवून बारीक तुषार उडवू नका. त्यात लीजिओनेला जिवाणू वाढतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात.

तुम्ही गाव लिहिलेलं नाही. मुंबई-कोकणात असाल तर भिंतींचं विसरा. दमट हवेत पाणी फार कमी उडतं, तिथे सावली धरा आणि वारा मोकळा येऊ द्या.

आणि तुमच्या कमिटीत कोणी "दिसलं पाहिजे" म्हणालं, तर पुढची बैठक दुपारी दोनला त्या चौकातच घ्या. आमची एसीच्या खोलीत झाली होती.