१७ जुलैला डिस्नेलँड? जा, पण राइड्ससाठी जाऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फॅन मंडळींच्या एका गटाने १७ जुलैला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला डिस्नेलँडच्या वाढदिवसाला बोलावलंय, बरोबर नऊ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई आहेत, तर एवढ्या उन्हात आणि गर्दीत जाण्यात काही अर्थ आहे का?

मी तीनदा १७ जुलैला तिथे होते. २००५ ला पन्नासावा, २०१५ ला साठावा आणि २०२५ ला सत्तरावा. पहिल्यांदा चुकून, पुढे दोनदा ठरवून. त्यावरून सांगते. सासूबाई पहिल्यांदाच डिस्नेलँड बघणार असतील तर त्यांना सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी न्या. शाळा सुरू झालेल्या असतात, निवांत हिंडता येतं. १७ जुलैला जायचं ते माणसांसाठी. दिवसभरात तीन राइड्स झाल्या तर खूप झाल्या, हे मनाशी पक्कं असेल तरच तिकीट काढा.

२००५ मध्ये मला अमेरिकेत येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. रविवार मोकळा मिळाला म्हणून आम्ही दोघं आरामात नऊला निघालो. गाडी लावून दारापर्यंत पोचण्यातच दीड तास गेला. नवऱ्याने रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका आजींना विचारलं, "आज काही विशेष आहे का?" आषाढीला पंढरपुरात जाऊन कोणी हाच प्रश्न विचारला तर लोक ज्या नजरेने बघतील, तसं त्यांनी आमच्याकडे बघितलं. पण मग पुढचा तासभर त्या बोलत राहिल्या. नवरा कंटाळला, मी मात्र अडकले ती अडकलेच. त्याच आजींच्या गटात मी आजही आहे. निवृत्त शिक्षिका, एक ट्रकचालक, दोन नर्स, डेनिमच्या जाकिटावर पाठभर बिल्ले शिवलेला एक पंचविशीतला मुलगा असे सतरा-अठरा जण. एरवी एकमेकांच्या वाटेलाही गेलो नसतो.

आता त्या दिवसाचं महत्त्व काय ते सांगते, नाहीतर तिथे सगळे झेंड्याच्या खांबाशी उभे राहून डोळे का पुसतायत ते कळणार नाही. १७ जुलै १९५५ हाही रविवारच होता. त्या दिवशी पार्क सर्वांसाठी खुला नव्हता, फक्त निमंत्रितांसाठी होता. सामान्य लोकांना प्रवेश मिळाला तो १८ तारखेला. (त्या दिवशीचं पहिलं तिकीट पार्क उभारणाऱ्या वॉल्ट डिस्नेचा भाऊ रॉय डिस्ने याने एक डॉलरला विकत घेतलं.) त्यामुळे खरा वाढदिवस १७ चा की १८ चा, यावर आमच्या गटात दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी तो अर्धवट राहतो.

पहिला दिवस म्हणजे फजितीच होती. बनावट पासांमुळे निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत घुसली. एका पठ्ठ्याने कुंपणाला शिडी लावून माणशी पाच डॉलर घेतले, असंही सांगतात. ऊन असं की नुकतंच ओतलेलं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांचा संप झाला होता, त्यामुळे प्यायच्या पाण्याच्या तोट्या आणि स्वच्छतागृहं ही दोन्ही कामं वेळेत होईनात. वॉल्टने स्वच्छतागृहं निवडली. मग पत्रकारांनी शंका काढली, की थंड पेयं खपावीत म्हणून पाणी बंद ठेवलंय. पार्कातल्या मार्क ट्वेन नावाच्या बोटीवर इतकी माणसं चढली की डेकवर पाणी आलं. हे सगळं एबीसी वाहिनीवर थेट दाखवलं जात होतं आणि निवेदकांमध्ये रोनाल्ड रेगन होते, पुढे अध्यक्ष झालेले तेच. नंतर तिथले लोक त्या दिवसाला 'काळा रविवार' म्हणायला लागले.

मला विचाराल तर जुन्या फॅन्सचा जीव या फजितीतच जास्त गुंतलाय. संत्र्यांच्या बागेतली १६० एकर जमीन, सुमारे एक कोटी ७० लाख डॉलर खर्च, साधारण वर्षभरात उभं केलेलं काम, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या देशासमोर झालेला गोंधळ. ज्या घरात लग्नाच्या दिवशी आचारी पळून गेलेला असतो, त्या घरात तो किस्सा पन्नास वर्षं सांगतात ना, तसं आहे हे.

आमच्या गटाचा एक किस्सा माझ्याच नावावर आहे. २०१५ ला टीशर्ट छापून घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. इथे महाग पडतात म्हणून सांगलीत छापले आणि बाबा येताना बॅगेत घालून घेऊन आले. पाठीवर ठळक अक्षरांत '१७-०७-१९५५'. सकाळी वाटले तर सगळे गप्प. शेवटी ट्रकवाल्याने हळूच विचारलं, "हा सतरावा महिना कुठला?" अमेरिकेत महिना आधी लिहितात हे दहा वर्षं इथे राहूनही माझ्या डोक्यात आलं नाही! दिवसभर अनोळखी लोक थांबवून विचारत होते. २०२५ ला नवे टीशर्ट काढूया म्हटलं तर कोणी ऐकेना. सगळे तेच विटलेले टीशर्ट घालून आले.

गटाबरोबर जाताय तर एक अनुभवाचा सल्ला. अठरा माणसांनी एकत्र राइड घ्यायचा हट्ट धरू नये. पुढे एकाने जागा धरायची आणि मागून दहा जणांनी घुसायचं, हा प्रकार तिथे अजिबात खपत नाही, आणि खपूही नये. दोन-तीन वेळा ठरवून भेटायचं, बाकी ज्याने त्याने आपापलं हिंडायचं. भेटायची जागा टाऊन स्क्वेअर, म्हणजे प्रवेशाजवळच्या चौकातला झेंड्याचा खांब. वॉल्टच्या उद्घाटनाच्या भाषणातले शब्द असलेली पाटी तिथेच आहे. आम्ही तिथे जमून ती मोठ्याने वाचतो, एकेक वाक्य एकेकाने. संध्याकाळच्या सुमारास तिथे रोज झेंडा उतरवण्याचा छोटा समारंभ असतो, तोही चुकवू नका. पाठीमागे फायर स्टेशन आहे, त्याच्या वर वॉल्टचं छोटं घर होतं. खिडकीत एक दिवा दिसेल. तो त्याच्या आठवणीत कायम तेवत ठेवतात. लेकीला तो शोधायला लावा, सांगू नका.

मुलांना अशा शोधाशोधीत जास्त गंमत येते. पार्कातल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर नावं रंगवलेली आहेत, काल्पनिक दुकानांच्या पाट्यांसारखी. ती पार्क उभं करणाऱ्यांची नावं. त्यात वॉल्टच्या वडिलांची, एलायस डिस्ने यांची खिडकी आहे: कंत्राटदार, स्थापना १८९५. ॲडव्हेंचरलँड या भागात जंगल क्रूझ या बोटीच्या राइडजवळ एक उंच खजुरी झाड आहे, १८९६ चं. आधीच्या मालकाने जमीन विकताना ते पाडू नका म्हणून सांगितलं होतं. चारी बाजूंनी एवढं बांधकाम झालं, झाड तिथेच आहे.

डिस्नेच्या छोट्या शोभेच्या पिना लोक गळ्यातल्या पट्ट्याला लावून फिरतात आणि एकमेकांशी बदलतात. ही अदलाबदल बघून लेक वेडी होईल, तेव्हा आधीच सांगून ठेवा: दुसऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात लावायचा नाही. कुठली हवी ते बोटाने दाखवायची आणि विचारायचं. आणि ऑनलाइन मिळणारे शंभर पिनांचे स्वस्त ढीग घेऊ नका. बहुतेक नकली असतात आणि जाणकार लोक ते बघताक्षणी ओळखतात. वर्धापनदिनाच्या खास वस्तूंच्या रांगेबद्दल माझं मत कडक आहे. त्यात निम्मे लोक पुढे चढ्या भावाने विकायलाच उभे असतात. सकाळचे थंड दोन तास त्यात घालवू नका. पार्कातल्याच सिटी हॉलमध्ये बिल्ला फुकट मिळतो, तो लावा.

सासूबाई आल्याच तर उन्हाच्या वेळेचा विचार आधी करा. टिकी रूम १९६३ पासून आहे, आत गारवा, बसायला जागा आणि गाणारे यांत्रिक पक्षी. बाहेर डोल व्हिप नावाचं अननसाचं आइस्क्रीमसारखं मऊ थंड मिळतं. मेन स्ट्रीटवरचं ऑपेरा हाऊसही बसायला उत्तम. तिथे १७ जुलै २०२५ लाच बोलणारा यांत्रिक वॉल्ट आला. आमच्या गटातल्या आजींना तो आवडला नाही, मला आवडला. यावरही वाद सुरू आहे. खाण्याची काळजी नको, घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेच्या बरण्या चालत नाहीत. दशम्या आणि चटणी न्या. आमच्या गटात माझ्यापेक्षा माझ्या दशम्यांची वाट जास्त बघतात.

आणि ट्रेन. पार्कभोवती फिरणारी ट्रेन पहिल्या दिवसापासून आहे. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या स्टेशनवर उभं राहिलात तर तारयंत्राचा कट्ट-कडकट्ट आवाज येत राहतो. बहुतेकांना वाटतं नुसता वातावरणासाठी ठेवलाय. २०१५ ला बाबा माझ्याबरोबर होते. त्यांची सगळी नोकरी तारखात्यात गेली, आणि आपल्याकडे तार बंद होऊन दोनच वर्षं झाली होती. ते आवाज ऐकून थबकले आणि कठड्यावर बोट आपटत अक्षरं म्हणायला लागले. "टी... ई, ई... ए, टी, टी... छे! हे मोर्सच आहे, पण तार पाठवणारा नवशिका दिसतोय." मला हसू आवरेना. तो संदेश म्हणजे वॉल्टच्या त्याच भाषणाची सुरुवात आहे, पण जुन्या अमेरिकन मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या जुन्या लिपीत. त्यात 'ओ' म्हणजे मध्ये थांबून दोन टिंबं आणि 'एल' म्हणजे एकच लांब रेघ. आंतरराष्ट्रीय मोर्स शिकलेल्या बाबांना 'ओ' च्या जागी दोनदा 'ई' आणि 'एल' च्या जागी 'टी' ऐकू येत होता. ते कळल्यावर दोन ट्रेन गेल्या तरी त्यांनी जागा सोडली नाही. तिसरी आली तेव्हा 'टू ऑल हू कम' एवढं त्यांनी लावलं होतं. त्या दिवशी त्यांनी एकही राइड घेतली नाही, ही ट्रेनसुद्धा नाही.

राहिलं आरक्षणाचं. गेली काही वर्षं तिकिटाबरोबर त्या दिवसाचं आरक्षणही लागतं आणि १७ जुलैचं लवकर भरू शकतं, तेव्हा गटाचं नक्की व्हायची वाट बघू नका. पहाटे निघा, दुपारी दोन ते पाच हॉटेलवर जाऊन झोपा, त्याच तिकिटावर परत आत येता येतं. सासूबाईंना सांगा, नवे बूट घालून येऊ नका, आठवडाभर आधी घरात वापरून घ्या.