वाचकांचे प्रश्न : वाड्यातील सोनेरी खुर्च्या मूळच्या कोणाच्या?

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात सोनेरी वर्खाच्या, नक्षीदार हातांच्या दोन विलायती खुर्च्या आहेत. पणजोबांना त्या निजाम सरकारकडून इनाम मिळाल्या, असे आजोबा सांगत. चुलत घराण्यात मात्र त्या हिंगोलीच्या छावणीतील एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतल्याचे सांगतात. नुकत्याच येऊन गेलेल्या एका व्यापाऱ्याने त्या 'चिपेन्डेल' असल्याचे सांगितले. खरे काय, ते कसे ठरवावे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आधी व्यापाऱ्याच्या शब्दाविषयी. थॉमस चिपेन्डेल (१७१८–१७७९) हे लाकडी सामान घडविणारे नामवंत इंग्रज कारागीर. त्यांचा जन्म यॉर्कशरमधील ओटली येथे झाला आणि त्यांचा कारखाना लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये होता. १७५४ मध्ये त्यांनी आपल्या नमुन्यांचे पुस्तक छापले आणि त्यातील आकृत्यांवरून इतर कारागीर पुढे कितीतरी वर्षे खुर्च्या घडवीत राहिले. त्यामुळे बाजारात हे नाव बहुधा धाटणीचे असते, कारागिराचे नसते. चिपेन्डेल आपल्या कामावर ठसा मारीत नसत. म्हणून एखादी खुर्ची त्यांच्याच कारखान्यातली आहे, असे ठामपणे म्हणायचे तर मूळ बिल किंवा घराण्याची हिशेबवही हाती असावी लागते.

असा पुरावा कसा असतो, याचे एक उत्तम उदाहरण आहे. सर लॉरेन्स डंडास या धनाढ्य गृहस्थांच्या लंडनमधील आर्लिंग्टन स्ट्रीटवरील घरासाठी चिपेन्डेल यांनी १७६५ मध्ये, रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून, आठ मोठ्या सोनेरी खुर्च्या पुरविल्या. बिलात आठांचे मिळून १६० पौंड, म्हणजे खुर्चीमागे २० पौंड लावलेले आहेत, आणि वरचे कापड डंडास यांनी स्वतः दिले होते, हेसुद्धा त्यात नमूद आहे. आराखडा टिकला, बिल टिकले, खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहिल्या आणि १९३४ मध्ये लिलावात निघाल्या. त्यांतील एक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मालकीच्या साखळीतील प्रत्येक कडीला कागदाचा आधार असल्यामुळेच त्या खुर्च्यांचा कर्ता आज निःशंकपणे सांगता येतो.

आपल्या घरातील दोन्ही हकिगतींना हीच कसोटी लावावी. हिंगोली आणि जालना ही १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट या, निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या, फौजेची ठाणी होती आणि बदली झालेला अधिकारी आपले सामान तेथेच विकून जाई, हा त्या काळचा सर्वसाधारण रिवाज होता. मात्र छावणीतले सामान बहुधा घडीचे, सुटे करून बैलगाडीत घालता येईल असे असे. नाजूक वर्खाच्या खुर्च्या त्यात क्वचितच असतील, असे मला वाटते. इनामाची गोष्ट खरी असेल, तर तिचा उल्लेख एखाद्या सनदेत किंवा पत्रात सापडायला हवा. तिसरी शक्यता आपण विचारात घेतलेली दिसत नाही : मुंबईत किंवा हैदराबादेत केलेली सरळ खरेदी.

यासाठी घरातले रोजमेळ, लग्नातील अहेराच्या याद्या आणि विशेषतः वाटणीपत्रे काढून मोडी व उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत. सन फसली, म्हणजे निजामी राज्यातील महसुली वर्षाचा, असेल तर त्यात साधारण ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन मिळतो. फसली १३२० म्हणजे १९१०–११. रक्कम कोणत्या चलनात आहे, तेही पाहावे. 'हाली' म्हणजे संस्थानचा रुपया आणि 'कलदार' म्हणजे इंग्रजी. रक्कम कलदारात असेल, तर व्यवहार संस्थानाबाहेर, कदाचित मुंबईला, किंवा छावणीत झाला असण्याचा संभव वाढतो. एवढ्या एका शब्दाने निजामाच्या इनामाची गोष्ट बाजूला पडू शकते.

आता खुद्द खुर्च्यांकडे वळू. आपण पाठविलेल्या एका छायाचित्रात बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूस पटाशीने कोरलेल्या चार उभ्या रेघा स्पष्ट दिसतात. संचातील खुर्च्यांना असे रोमन आकडे घालीत आणि सुतार चार हा आकडा बहुधा चार रेघांनीच दाखवीत. याचा अर्थ किमान चार खुर्च्या होत्या. बाकीच्या वाटणीत चुलत घराण्याकडे गेल्या का, याची चौकशी अवश्य करावी. दुसऱ्या छायाचित्रात गादीखाली स्प्रिंगा दिसतात. अठराव्या शतकातील बैठकीत नवारीसारख्या पट्ट्यांवर घोड्याचे केस भरलेले असत. गादीकामात स्प्रिंगा एकोणिसाव्या शतकात रुळल्या. गादी मागाहून बदलता येते, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये. चौकटीतील मूळचे स्क्रू टोकदार असतील, तर मात्र खुर्ची १८४० च्या दशकाआधीची असण्याची शक्यता फार थोडी उरते.

आजोबांची हकिगत सांगणारे कोणी हयात असतील, तर त्यांच्या शब्दांत ती आजच लिहून, तारीख घालून, त्यांची सही घ्यावी. तो निर्णायक पुरावा ठरत नाही, पण पुढच्या शोधाला तोच धागा पुरतो.

प्रश्न : आमच्याकडील अशाच खुर्चीचा वर्ख काळपट पडला आहे. ओल्या फडक्याने पुसून त्यावर सोनेरी रंग द्यावा का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : कृपया दोन्ही करू नये. लाकडावर खडू आणि सरसाचा थर, त्यावर तांबूस मातीचा हात, त्यावर पाण्याने बसविलेला सोन्याचा वर्ख आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून आणलेली झळाळी, अशी ही घडण असते. सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या फडक्याबरोबर सोनेही निघून येते. खरे सोने सहसा काळे पडत नाही. आपल्याला दिसतो तो बहुधा धुराचा व धुळीचा थर असावा, किंवा कोणीतरी पूर्वी दिलेला पितळी भुकटीचा रंग. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, एवढेच घरी करावे. आपल्याकडील एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून खडूचा थर सुटतो, म्हणून खुर्ची खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी आणि सुटलेली खपली टाकून न देता कागदात जपून ठेवावी.

प्रश्न : शंभर वर्षांहून जुनी विलायती खुर्ची परदेशातील ग्राहकाला विकता येते का? (एक वाचक, जालना)

उत्तर : १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. तो अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. देशांतर्गत पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. कोणी घरी येऊन बोलणी करू लागले, तर पहिल्यांदा तो परवाना पाहावा.