किशोरवयीन मुलांच्या कादंबरीत कोणकोणती ठरावीक पात्रं लागतात?

तुम्ही यादी मागितलीय, नववी-दहावीच्या टोळीवर कादंबरी लिहायचीय म्हणून. घ्या: हळवा निवेदक, त्याचा बेडर दोस्त, चष्मेवाला हुशार, हसवणारा, दुरून बघायची 'ती', समजून घेणारा मामा किंवा काका, आणि छडीवाले मास्तर. झालं. ही यादी कुणालाही पाठ असते. यातल्या चौथ्या माणसाबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण तो मी आहे.

आमचं गाव इचलकरंजी. नववीत असताना वडिलांचा हात यंत्रमागात सापडला आणि ते काही महिने घरी बसले. मग संध्याकाळपासून मी शेजारच्या कारखान्यात कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरायला जायचो. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नावेतली, कांडी संपली की माग थांबतो, त्यामुळे भरलेल्या कांड्या सतत तयार लागतात. घरी यायला मध्यरात्र व्हायची. साहजिकच तिसऱ्या तासाला मी बाकावर डुलायचो, म्हणून नाव पडलं डुलक्या. माझी हरकत नव्हती. वर्गात सगळ्यांनाच नावं होती.

आमच्यातल्याच एका दोस्ताची पुढे एका दिवाळी अंकात कथा आली. तीच टोळी, तीच शाळा. तो स्वतः अर्थातच हळवा निवेदक. वर्गातली एक मुलगी होती, तिला मोठे डोळे आणि तीन वाक्यं. आणि डुलक्या! डुलक्या झोपतो, बाकावरून पडतो, सर विचारतात "भारताची राजधानी?" तर उठून "दोन डझन" म्हणतो. गावभर अंक फिरला, आमच्या घरीही आला. आई हसली नाही.

मी त्याला गाठून विचारलं, हे काय? तर म्हणाला, "आरं, गोष्टीत एक तरी हसवणारा लागतोयच की!" अरे, पण तू मला क्रिकेटला बोलवायला कारखान्याच्या दारात येऊन उभा राहायचास. त्या खडखडाटात ओरडून "येतोस का?" विचारायचास. तू सगळं बघितलेलं होतंस.

माझं म्हणणं एवढंच आहे की पात्रांचे साचे निवेदक करतो, आणि ते त्याने करावेतच, कारण चौदा वर्षांचं पोरगं जग असंच बघतं. पण लेखकाला त्या पोरापेक्षा जास्त दिसलं पाहिजे. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (2004) घ्या. नववीतला जोशी सांगतोय. सुऱ्या, चित्रे, फावड्या ही टोळी आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो. बाहेर आणीबाणी चाललीय. ती त्याला अर्धवट कळते, आपल्याला पुरती कळते. या फटीत कादंबरी राहते. (जोशी जिच्यावर जीव टाकतो ती शिरोडकर मात्र मला अजूनही जोशीच्या नजरेतच अडकलेली वाटते. 'शाळा'च्या भक्तांनी रागावू नये.)

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली. 1967 साली ती छापून आली तेव्हा हिंटन अठराची होती. त्यात टोळीतला विनोदी गडी आहे, गप्प पोरगा आहे, दगडासारखा डॅली आहे, म्हणजे तुमची यादी जवळजवळ पूर्ण. निवेदक पोनीबॉय आपल्या थोरल्या भावाला, डॅरीला, नुसता जाच समजतो. आईवडील गेलेत, डॅरीला कॉलेजला जाता आलेलं नाही आणि तो छपरं घालायचं काम करतो, हे पोनीबॉयला माहीत असतं, फक्त त्याचा अर्थ लागत नाही. इस्पितळात डॅरी रडताना दिसतो तेव्हा लागतो. हिंटनने आधी साचा रचला, मग निवेदकाच्याच डोळ्यांसमोर फोडला.

तेव्हा हसवणारा ठेवायचाच असेल तर खुशाल ठेवा. पण निवेदकाला दिसेल आणि कळणार नाही अशी एक तरी गोष्ट त्याच्या अंगावर ठेवा. बोटांना चिकटलेला सुताचा कापूस चालेल, दुपारच्या सुट्टीत न उघडलेला डबा चालेल. निवेदकाने त्यावरही विनोदच करावा. वाचक हसणार नाही.

हो, हे सगळं गोष्ट 'मी' म्हणून सांगणारा निवेदक असेल तरच. आणि फास्टर फेणेसारखं साहस लिहायचं असेल तर माझं काही ऐकू नका. तिथे गडी पटकन ओळखू आले पाहिजेत, नाहीतर पाठलाग रखडतो.

आमचा लेखक आता त्या कथेची कादंबरी करतोय म्हणे. परवा फोन करून नववीच्या वर्गाचा फोटो मागत होता. म्हटलं, आधी डुलक्याचं प्रकरण वाचायला पाठव, मग फोटोचं बघू.