नुसता ‘पूर’ म्हणू नकोस

भावा, वेगवेगळ्या लेखकांकडून कथा मागवून तू जो संग्रह काढतोयस, त्यासाठी ‘पंचगंगेचा पूर, सन २१००’ हा विषय झकास आहे. पण कोल्हापूरचा २०१९चा महापूर आपण सगळ्यांनीच पाहिलाय. विसातल्या पंधरा कथांत रंकाळा तलाव बुडालेलाच येईल. माझ्या पहिल्या संग्रहात तसंच झालं, शेवटसुद्धा सारखेच! (परीक्षण लिहिणाऱ्यानं धुतला मला.) त्यापेक्षा लेखकांना विषय नुसता ‘पाणी’ सांग. मग यंत्रमानव येऊ दे, जलदेवता येऊ दे, नाहीतर कोरडा मंगळ.

सगळ्यात दमदार कथा पहिली लाव, तिच्या खालोखालची शेवटी. लेखक जिवलग मित्र असला तरी लेखी परवानगी घेच. कथेचा हक्क त्याचा, आपल्याला फक्त या संग्रहापुरती मुभा. पानं १६च्या पटीत बसव, नाहीतर फॉर्मात (छपाईच्या १६ पानी घडीत) कोरी उरतात. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सरकारकडून फुकट मिळतो, कुणाला पैसे मोजू नकोस.