पिंग जातं, पण टॅली उघडत नाही

प्रश्न : आमचं इचलकरंजीत सुताचं छोटं ऑफिस आहे, आठ पीसी. इंटरनेट साधं ब्रॉडबँडचं, राउटर १९२.१६८.१.१. पुण्याच्या हेड ऑफिसने वेगळी लीज लाइन घेऊन दिली, तिचा डबा (म्हणजे तिचा राउटर) आमच्याच स्विचला लावलाय, पत्ता १९२.१६८.१.२५०. पुण्यातले सर्व्हर १०.२०.५.० मध्ये, टॅलीवाला १०.२०.५.१०. मी ब्रॉडबँडच्या राउटरवर स्टॅटिक रूट (पुण्याच्या पत्त्यांसाठी हाताने लिहिलेला रस्ता) टाकला तर आधी गेटवे चुकीचा म्हणून घेईचना, मग डब्याचा पत्ता दिला तर घेतला. आता पिंग (पलीकडचं मशीन ओ देतंय का ते पाहणारी हाक) मस्त जातं पण टॅली आणि रिमोट डेस्कटॉप कधी लागतं, कधी मध्येच लटकतं. मित्राने एका पीसीवर रूट ॲडची कमांड मारली, तिथे छान चालतं, पण पीसी रीस्टार्ट केला की परत गायब. नक्की चुकतंय कुठे?

उत्तर : पहिल्यांदा घेतलं नाही कारण तुम्ही बहुतेक गेटवे म्हणून पुण्याचाच पत्ता दिला असणार, १०.२०.५.१ वगैरे. सगळेच देतात, मीही दिलाय. गेटवे म्हणजे पुढचा टप्पा, शेवटचा नाही. पुण्याला जायचं तरी गाडी आधी आपल्याच स्टँडवर जाऊन धरावी लागते ना, तसं. राउटरला थेट हात लावता येईल असाच पत्ता तिथे चालतो, म्हणून डब्याचा दिल्यावर घेतला. तो रूट बरोबरच आहे.

घोळ येतानाच्या रस्त्यात आहे. पीसीचं पॅकेट राउटरकडे जातं, राउटर ते त्याच स्विचमधून डब्याकडे ढकलतो, डबा पुण्याला पाठवतो. उत्तर आलं की डबा बघतो, अरे हा पीसी तर माझ्याच नेटवर्कात आहे, आणि ते थेट पीसीच्या हातात देतो, राउटरला खबरच नाही. आता टॅली काय, रिमोट डेस्कटॉप काय, दोन्ही टीसीपीवर (आधी जोडणी करून मग बोलायच्या पद्धतीवर) चालतात, म्हणजे आधी तीन पॅकेटांची ओळख-पाळख होते, पीसीकडून एक, सर्व्हरकडून एक, परत पीसीकडून एक. राउटरच्या फायरवॉलने (आतल्या पहारेकऱ्याने) पहिलं पाहिलं, दुसरं कधी दिसलंच नाही, मग तिसरं आल्यावर तो म्हणतो हे कुठून उपटलं, आणि फेकून देतो. पिंगला असली ओळख लागत नाही म्हणून ते बिनबोभाट जातं. आणि ‘कधी लागतं’ त्याचं कारण बहुधा हे की राउटर अधूनमधून पीसीला सांगतो, बाबा तू सरळ २५० कडेच (डब्याकडेच) जा, विंडोज ते थोडा वेळ लक्षात ठेवतं आणि मग विसरतं. एका मित्राच्या दुकानात मी याच्यापायी अख्खा शनिवार घालवलाय, केबलसुद्धा बदलून पाहिली!

पक्का इलाज म्हणजे डबा स्विचवरून काढा आणि राउटरच्या वेगळ्या पोर्टला लावा, त्या पोर्टला स्वतंत्र चिमुकलं नेटवर्क द्या. राउटरला १९२.१६८.५०.१, डब्याला १९२.१६८.५०.२, मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.२५२, त्यात दोनच पत्ते मावतात आणि दोनच हवेत. मग राउटरवर १०.२०.५.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.५०.२. आणि डब्यावर उलटा रूट, १९२.१६८.१.० साठी गेटवे १९२.१६८.५०.१. हा उलटा विसरलात तर डब्याला तुमचं ऑफिस कुठे आहे तेच कळणार नाही, उत्तर तिथेच अडकेल, मग पिंगही बंद. डब्याचा पासवर्ड बहुतेक पुण्यातच असणार, तेव्हा आधी त्यांना फोन करा, उगाच आपणच रिसेटचं बटण दाबू नका. आणि राउटरवर त्या पोर्टसाठी नॅट (पॅकेटवरचा पीसीचा पत्ता बदलून राउटरचा घालणं) बंद ठेवा.

स्वस्तातल्या राउटरला असा वेगळा पोर्ट करता येत नाही. मग तुमच्या मित्राचीच युक्ती, फक्त कमांडमध्ये ‘हायफन पी’ घालायचा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून : रूट -पी ॲड १०.२०.५.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२५० (अर्थात इंग्रजी अक्षरांत). तो रीस्टार्टनंतरही राहतो. आठ पीसींना जमेल, ऐंशी असते तर नसतं सांगितलं.

प्रश्न : (त्यांचाच) एकाने सांगितलं की कटकट नको, सरळ १०.०.०.० आणि मास्क २५५.०.०.० टाक. चालेल का?

उत्तर : चालेल, आणि एखाद्या दिवशी रडवेल. काही ठिकाणी ब्रॉडबँडवाले स्वतःचे डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर) वगैरेही १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर ठेवतात, ते सगळं मग पुण्याकडे पळेल आणि तुम्ही म्हणाल नेट गेलं. जेवढं लागतंय तेवढंच टाका.

पक्का इलाज झाल्यावर ट्रेसर्ट १०.२०.५.१० मारा, पॅकेट कुठून कुठून जातं ते ही कमांड ओळीओळीने दाखवते. पहिली ओळ १९२.१६८.१.१, दुसरी १९२.१६८.५०.२ आणि तिथून पुढे नुसते तारे (*, म्हणजे उत्तर नाही) आले, टॅलीही उघडेना, तर तुमचं काम झालंय, आता पुण्याला फोन.