रायफलकडून ट्रॅपकडे वळताना

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. दोन वर्षं बालेवाडीला एअर रायफल शिकतोय. आता त्याला उडत्या तबकड्यांची नेमबाजी, म्हणजे ट्रॅप करायचं आहे. शॉटगन घेऊन द्यावी का? यात करिअर होईल? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, बंदूक आत्ता घेऊ नका. वयाची 21 वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्वसाधारणपणे त्याच्या नावावर परवाना निघत नाही. तोवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रेंजवरच्या बंदुकीनंच शिकायचं. शिवाय शॉटगनचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, अंगाच्या मापाचा लागतो, आणि मुलगा अजून वाढतोय.

रायफलची शिस्त त्याला उपयोगी पडेल, पण सवयी आड येतील. रायफलमध्ये शरीर स्थिर ठेवून चाप हळूच दाबतात. ट्रॅपमध्ये 110 मिलिमीटरची तबकडी समोरच्या खड्ड्यातून सुसाट सुटते आणि नळी तिच्यासोबत फिरती ठेवावी लागते. रायफलवाला हमखास नळीच्या टोकावरचा मणी बघतो. नजर मण्यावर गेली की हात थांबतो आणि छर्रे तबकडीच्या मागून जातात. नजर तबकडीवरच हवी, आणि चाप दाबल्यावरही नळी फिरत राहायला हवी. दुसरी चूक, तबकडी फुटली का हे बघायला गाल दस्त्यावरून उचलणं. मग छर्रे वरून जातात.

रेंजवर पाठवण्याआधी घरीच एक तपासणी करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळ्यांनी त्यातून भिंतीवरचं बटण बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला बटण दिसत राहतं तो प्रबळ. रायफलमध्ये एक डोळा झाकलेला असल्यानं हे लक्षात येत नाही. इथं दोन्ही उघडे असतात. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर सुरुवातीलाच डाव्या खांद्यावरून शिकणं बरं.

खर्चाचा हिशेब नीट करा. एका फेरीत 25 तबकड्या, प्रत्येकीवर दोन बार मारता येतात, म्हणजे 25 ते 50 काडतुसं. दिवसाला तीन फेऱ्या धरा आणि काडतुसाच्या आजच्या भावानं गुणा. प्रवास वेगळा.

करिअरचं म्हणाल, तर पॅरिस 2024 मध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे बालेवाडीतच सराव करायचा, पण रायफलचा. शॉटगनसाठी दिल्लीची कर्णी सिंग रेंज किंवा पतियाळा, जयपूर असा प्रवास गृहीत धरा. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये ज्या डबल ट्रॅपमध्ये (एका वेळी दोन तबकड्या सुटतात) रौप्यपदक जिंकलं, तो प्रकार 2016 नंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला. म्हणून बारावी आणि पदवी सोडायची नाही. सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्तरावरच्या स्पर्धेत क्रमांक मिळवावा लागतो.

सुट्टीत दहा दिवस रेंजवर पाठवा, कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा देऊन. परतल्यावर एकूण गुण विचारू नका. त्याची सरावाची वही बघा : कुठल्या स्थानावरून, कुठल्या कोनातली तबकडी चुकली, आणि फुटली ती पहिल्या बाराला की दुसऱ्या. दंडावर काळानिळा डाग दिसला, तर दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाहीये. आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर धक्क्याच्या भीतीनं तो चाप दाबताना डोळे मिटू लागेल.